ॲपचं पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात

भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात पगाराला जोड का हवी, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका महिन्यात ओटी भरपूर मिळते, पुढच्या महिन्यात ऑर्डर घटली की बंद. कंत्राटावरच्या पोरांना ब्रेक कधी मिळेल याचा नेम नाही. खोलीभाडं मात्र ठरल्या तारखेला द्यावंच लागतं. मग हातातल्या मोबाइलकडे लक्ष जातं आणि प्रश्न पडतो: शिक्षण आयटीआय किंवा डिप्लोमा, कोडिंगचा गंध नाही, तरी ॲपमधून चार पैसे मिळतील का?

मिळतील. पण कुणाकडून मिळतील, हे आधी पाहायला हवं. बहुतेक जण एखादं ॲप बनवून प्ले स्टोअरवर टाकतात आणि जाहिरातींच्या पैशांची वाट बघत बसतात. या पट्ट्यात राबणाऱ्या माणसाकडे त्याहून मोठं भांडवल असतं. जॉबवर्क कसं चालतं, चलन कसं फाडतात, रिजेक्शन शेवटी कुणाच्या माथी येतं, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असतं. हिंजवडीतल्या हुशार प्रोग्रॅमरला ते माहीत असेलच असं नाही. पुढचा सगळा सल्ला या भांडवलावर उभा आहे.

आधी कशापासून लांब राहायचं

‘मोबाइलवरून घरबसल्या कमवा’ या नावाखाली जे येतं, त्यातलं बरंचसं फसवणुकीचं असतं. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा. पहिले शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, ‘प्रीपेड टास्क’ म्हणून आधी पैसे भरायला लावतात. स्क्रीनवर नफा फुगलेला दिसतो, पण तो काढायला गेलं की आणखी पैसे मागतात. नियम साधा आहे: काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून आधी पैसे घेत नाही. कुणी फसलंच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. त्यामुळे रमी किंवा फँटसी क्रिकेटला कुणी कमाईचा मार्ग म्हणत असेल, तर तिथेच हात जोडावेत.

आणखी दोन सापळे खास ॲप बनवू पाहणाऱ्यांसाठी असतात. पहिला, ‘तुमचं डेव्हलपर खातं भाड्याने द्या, महिन्याला इतके देतो’. त्या खात्यावरून चढवलेल्या बनावट ॲपची जबाबदारी खातेदारावर, म्हणजे तुमच्यावर येते. दुसरा, तयार ॲपचा साचा विकत घ्या, नाव आणि रंग बदला आणि अशी पन्नास ॲप चढवा. एकाच छापाची, निरुपयोगी ॲप गुगल काढून टाकतं आणि वारंवार झालं तर खातंही बंद करतं.

जाहिरातींचं गणित एकदा कागदावर मांडा

प्ले स्टोअरवर ॲप टाकायला एकदाच २५ डॉलर, म्हणजे सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास नोंदणी फी पडते. ॲपलकडे हीच फी वर्षाला ९९ डॉलर आहे, तेव्हा सुरुवातीला तो विचारही नको. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गुगलची आणखी एक अट आहे: ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीसाठी वापरायला हवं. खोलीवरचे पार्टनर आणि शिफ्टमधले मित्र धरले, तर ही १२ माणसं जमवणं आपल्याकडे अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचं. गुगलची जाहिरातसेवा ॲडमॉब १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. समजा, हजार वेळा जाहिरात दिसली की तुम्हाला २० रुपये मिळतात. हा दर हिशोबापुरता धरला आहे. प्रत्यक्षात तो ॲप, वापरणारा आणि हंगाम यांप्रमाणे खालीवर होतो. १०० डॉलर म्हणजे साधारण ९,००० रुपये. त्यासाठी जाहिरात साडेचार लाख वेळा दिसायला हवी. रोज ५०० माणसांनी ॲप उघडलं आणि प्रत्येकाला दोन जाहिराती दिसल्या, तर त्याला ४५० दिवस लागतील. आणि रोज ५०० माणसं आणायची कुठून? स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करणं किंवा मित्रांना करायला लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. गुगल ते पकडतं आणि साठलेल्या पैशांसकट खातं जातं.

जाहिरातींवर चालणारी ॲप यशस्वी होतच नाहीत असं नाही. मुंबईच्या लोकलने फिरणाऱ्यांना एम-इंडिकेटर माहीत आहे. सचिन टेके यांनी ते जावावर चालणाऱ्या साध्या फोनच्या काळात सुरू केलं. आधी लोकलचं वेळापत्रक, मग बस, रिक्षा-टॅक्सीचं भाडं, नाटकांचे प्रयोग असं करत ते वाढत गेलं. टेके स्वतः सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे त्यांची वाट जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाही. पण त्यातली मूळ गोष्ट घेण्यासारखी आहे. रोज लाखो लोकांना पडणारा एकच प्रश्न त्यांनी हेरला आणि त्याचं उत्तर वर्षानुवर्षं ताजं ठेवलं. आपल्याकडे बसचं वेळापत्रक देणारं ॲप करावं म्हटलं, तर ‘आपली पीएमपीएमएल’ आधीच आहे; पालिकेच्या सेवांसाठी ‘स्मार्ट सारथी’ आहे. सरकारी ॲपशी फुकटात स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

तेव्हा प्ले स्टोअर दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पहिल्या वर्षी असं गिऱ्हाईक शोधा, ज्याला एकच ॲप हवं आहे, ज्याची अडचण तुम्हाला दिसते आणि जो त्यासाठी रोख पैसे मोजेल.

गाळ्यातली वही

भोसरी एमआयडीसीतल्या जे, एस किंवा टी ब्लॉकमधल्या लहान वर्कशॉपमध्ये जा. दोन-तीन सीएनसी, एखादं व्हीएमसी, आठ-दहा माणसं. टेबलावर कूलंटचे डाग पडलेली लांबट वही असते. मोठ्या कंपनीकडून किंवा तिच्या पुरवठादाराकडून कच्चा माल चलनावर येतो, त्यावर मशिनिंग होतं आणि तो थोडाथोडा करून परत जातो. ५०० नग आले. सोमवारी २०० गेले, बुधवारी १८० गेले, १२ रिजेक्ट झाले, ३ सेटिंगमध्ये गेले. शिल्लक किती? १०५. एका चलनाचं हे गणित सोपं आहे. पण चार पार्ट्या, प्रत्येकीचे सहा-सात आयटम आणि तीन महिन्यांची चलनं एकत्र झाली, की महिनाअखेरीला शेठ आणि सुपरवायझर रात्री नऊपर्यंत वही चाळत बसतात.

यात पैसाही अडकलेला असतो. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला, तर पाठवणाऱ्याने तो पाठवला त्याच दिवशी पुरवला असं धरून त्याच्यावर कर लागू शकतो. म्हणून पार्टीचा स्टोअरवाला जुन्या चलनांची शिल्लक विचारत राहतो. त्याला दोन मिनिटांत उत्तर मिळणं याला गाळ्याच्या मालकाच्या लेखी किंमत आहे. हजारोंचं तयार सॉफ्टवेअर घेण्याइतका त्याचा पसारा नसतो आणि वहीत भागावं इतका तो लहानही उरलेला नसतो. तुमचं काम या मधल्या जागेत आहे.

कोडिंगशिवाय काम करणारी साधनं

आज अशी साधनं बरीच आहेत. सुरुवातीला दोन पुरेत.

पहिलं ॲपशीट. ही कंपनी गुगलने २०२० मध्ये विकत घेतली. गुगल शीटमधला तक्ता घेऊन ती त्याचं मोबाइलवर चालणारं ॲप बनवते. फॉर्म, यादी, फोटो, बारकोड स्कॅन, सही या सोयी तयार मिळतात. नेट नसताना केलेली नोंद नेट आल्यावर शीटमध्ये जाते. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज जाते, तिथे याचा फार उपयोग. शिकण्यासाठी आणि दहा जणांपर्यंत चाचणीसाठी पैसे पडत नाहीत. धंद्यात कायम वापरायचं तर माणशी दरमहा शुल्क लागतं. सुरुवातीची योजना ५ डॉलरची आहे. हा खर्च गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगा आणि सांगण्याआधी त्या दिवसाचा दर त्यांच्या साइटवर बघून घ्या.

दुसरं एमआयटी ॲप इन्व्हेंटर. हे २०१० मध्ये गुगलमध्ये सुरू झालं आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाकडे गेलं. पूर्ण मोफत. इथे कोड लिहायचा नसतो. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून ‘हे बटण दाबलं की असं कर’ ही सूचना तयार करायची असते. कंपॅनियन नावाचं ॲप फोनवर घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला, की केलेला बदल तिथल्या तिथे फोनवर दिसतो. ज्याने पीएलसीचं लॅडर लॉजिक पाहिलं आहे, त्याला हे ठोकळे परके वाटणार नाहीत. कॅल्क्युलेटर, चेकलिस्ट, एकाच फोनवर चालणारी नोंदवही अशा कामांना हे उत्तम. एक धोका लक्षात ठेवा: यातली साधी साठवण त्याच फोनमध्ये राहते. फोन हरवला की नोंदी गेल्या.

हजारो रुपये भरून क्लास लावायची गरज नाही. दोन्ही साधनांचे धडे त्यांच्या साइटवर मोफत आहेत. सूत्र अडलं, तर एआयच्या चॅटला मराठीत विचारलं तरी चालतं. मात्र पार्टीचं ड्रॉइंग, दर किंवा गिऱ्हाइकांची यादी तिथे टाकू नका.

चलनाचं ॲप, पायरीपायरीने

आधी वहीच्या चार-पाच पानांचे फोटो घ्या, अर्थात मालकाला विचारून. लोक प्रत्यक्षात काय लिहितात ते त्यात दिसतं. मग गुगल शीटमध्ये दोन वेगळे तक्ते करा.

पहिला तक्ता ‘आलेला माल’: नोंद क्रमांक, पार्टी, चलन नंबर, तारीख, आयटम, नग, चलनाचा फोटो.

दुसरा तक्ता ‘गेलेला माल’: नोंद क्रमांक, कोणत्या चलनाचा माल, तारीख, ओके नग, रिजेक्ट नग, कारण, आपला चलन नंबर.

नवखा माणूस हमखास सगळं एकाच तक्त्यात कोंबतो. मग एका चलनाचा माल चार हप्त्यांत परत गेला की ‘गेले १’, ‘गेले २’, ‘गेले ३’ असे रकाने वाढत जातात आणि पाचव्या हप्त्याला जागाच उरत नाही. दोन तक्ते केले आणि दुसऱ्यातली प्रत्येक ओळ पहिल्यातल्या एका ओळीशी जोडली, की हप्ते कितीही होवोत. ही जोडणी ॲपशीटमध्ये रकान्याचा प्रकार ‘रेफ’ निवडून होते.

दुसरी अडचण चलन नंबरची. वाटतं, तोच ओळखीचा क्रमांक धरावा. पण ४१ नंबरचं चलन दोन पार्ट्यांकडून येऊ शकतं आणि नव्या आर्थिक वर्षात नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून नोंद क्रमांक वेगळा ठेवा आणि तो ॲपलाच तयार करू द्या.

शीटमधल्या ‘एक्स्टेन्शन्स’ मेन्यूतून ॲपशीट निवडून ॲप तयार करायला सांगितलं, की कच्चं ॲप समोर येतं. मग तीन गोष्टी करा. पार्टी आणि आयटम टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर एकच आयटम ‘बुश’, ‘बुशिंग’ आणि ‘बूश’ अशा तीन नावांनी साठेल. शिल्लक काढणारं सूत्र घाला: आलेले नग वजा ओके वजा रिजेक्ट (सेटिंगमध्ये गेलेले नग रिजेक्टमध्येच धरा). आणि शिल्लक असलेलं चलन दहा महिन्यांपेक्षा जुनं झालं, की ती ओळ लाल दिसेल असा नियम लावा. बाकी रंगरंगोटी नंतर.

नोंद करणाऱ्याचा हात तेलकट असतो, त्याला दोन मिनिटांचा वेळही नसतो. पाचपेक्षा जास्त वेळा बोट लावावं लागत असेल, तर तो माणूस आठ दिवसांत वहीकडे परत जाईल.

खाडे, टँकर आणि बाकीची कामं

वर्कशॉपमध्ये ओळख नसेल तर खराबवाडी, निघोजे, कुरुळी भागातल्या मेस पाहा. महिन्याच्या मेसमध्ये सगळा वाद खाड्यांवरून होतो. पोरगा म्हणतो सात खाडे, मावशींच्या कॅलेंडरवर पाच फुल्या. नाव, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि महिनाअखेरचा हिशोब एवढंच दाखवणारं ॲप इन्व्हेंटरचं साधं ॲप त्यांचा रोजचा त्रास वाचवतं. इथे रोख पैशांऐवजी पहिल्या महिन्याची मेस माफ करून घेतली, तरी सौदा बरा.

मोशी, चिखली, रावेत भागातल्या सोसायट्यांमध्ये पाण्याच्या टँकरची नोंद वॉचमनच्या वहीत असते. टँकरचा नंबर, वेळ आणि फोटो टाकणारं ॲप दिलं, की कमिटीला बिलाशी ताळा करता येतो. याखेरीज मशिनच्या मेंटेनन्सची चेकलिस्ट, गेज कॅलिब्रेशनच्या तारखा, फायर सिलिंडर भरण्याची आठवण ही सगळी त्याच जातीची कामं. एक ॲप नीट जमलं की दुसरं निम्म्या वेळात होतं.

पैसे किती मागायचे

नवा माणूस इथे दोन टोकं गाठतो: एकतर फुकटात करून देतो, नाहीतर कुणाचं तरी ऐकून पन्नास हजार मागतो. तुमच्या ओटीचा दर हा चांगला मापदंड आहे. महिना १८,००० पगार, २६ दिवस, ८ तास धरले तर तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे पडतात. ओटी कायद्याने दुप्पट, म्हणजे १७३ रुपये. चलनाच्या ॲपला शिकण्याचा वेळ सोडून २५ तास लागले, तर ४,३०० रुपयांच्या खाली जाऊ नका. वर देखभालीचे महिन्याला ५०० रुपये ठरवा. असे पाच गाळे झाले की महिन्याला २,५०० रुपये येतात आणि त्यासाठी ओटीसारखं मशिनपाशी उभं राहावं लागत नाही. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण ४५० दिवस वाट बघायला लावणाऱ्या जाहिरातींपेक्षा ती भरवशाची आहे.

व्यवहार साध्या कागदावर लिहून घ्या: काय करून देणार, किती दिवसांत, नंतरचे कोणते बदल फुकट आणि कोणते पैशांत, ॲपशीटचं शुल्क कोण भरणार. शीट आणि ॲप दोन्ही गिऱ्हाइकाच्या गुगल खात्यावर ठेवा आणि तुम्ही त्यात बदल करण्यापुरती परवानगी घ्या. उद्या तुमची बदली झाली किंवा तुम्ही गावाकडे गेलात, तरी त्याचं काम अडता कामा नये. हे तुम्ही आपणहून सांगितलंत, तर विश्वास पहिल्याच भेटीत बसतो.

नोकरी, कर आणि कागदपत्रं

तुम्ही कंपनीत कायम असा की कंत्राटी, नेमणूकपत्र वाचा. दुसरं काम करण्यास मनाई असेल, तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. कंपनीची माहिती, फॉरमॅट, ड्रॉइंग, फोटो बाहेर जाता कामा नयेत. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ते याचसाठी. स्वतःच्या कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यासाठी ॲप बनवणं तर सरळ टाळावं.

या कमाईवर आयकर लागू होतो. फक्त पगार असताना भरलेला आयटीआर-१ फॉर्म आता चालणार नाही, कारण धंद्याचं उत्पन्न त्यात दाखवता येत नाही. वर्षातून एकदा कर सल्लागाराकडे जा. जाण्याआधी प्रत्येक जमा आणि खर्च यूपीआयने एकाच वेगळ्या खात्यातून झालेला असेल, तर त्याचंही काम सोपं होतं. नुसत्या सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर मोफत होते; त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

ॲपमध्ये माणसांची नावं, मोबाइल नंबर, हजेरी येत असेल तर गरजेपुरतंच साठवा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. मेसच्या ॲपला आधार नंबर लागत नाही, तेव्हा तो विचारायचाच नाही.

सुरुवात गुरुवारी करा

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशिनं बंद, आणि बरेच मालक हिशोब उरकायला गाळ्यात येऊन बसलेले. ओळखीच्या एका माणसाला गाठा आणि ‘ॲप बनवून देऊ का’ असं न विचारता ‘महिनाअखेरीला कशात वेळ जातो’ असं विचारा. पहिला आठवडा वही समजून घ्यायला, दुसरा शीट आणि कच्चं ॲप करायला, तिसरा एकाच पार्टीच्या चलनांवर चालवून बघायला, चौथा दुरुस्त्यांना. या महिन्यात वही बंद करायला लावू नका. दोन्ही सोबत चालू द्या आणि रोज संध्याकाळी शिल्लक जुळते का बघा.

महिन्यानंतरही सुपरवायझर आधी वहीत आणि मग ॲपमध्ये लिहीत असेल, तर त्याला दोष देऊ नका. ॲपमध्ये कुठलातरी रकाना राहिला आहे किंवा एखादी पायरी जास्त झाली आहे. त्याच्या शेजारी बसून ती शोधा, दुरुस्त करा आणि मगच दुसऱ्या गाळ्याची पायरी चढा. नीट चाललेल्या कामाची जाहिरात करावी लागत नाही: एका गाळ्यातली बातमी दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या ब्लॉकमध्ये पोचते, आणि फसलेल्या कामाची तर त्याहून आधी.